ट्रेलर जोडताना आणि गाडी सोडताना: सोलापूरच्या ड्रायव्हर मंडळींचे नेहमीचे प्रश्न

सोलापूर हे ट्रेलरवाल्यांच्या वाटेवरचं गाव. पुणे-हैदराबादचा महामार्ग 65 इथून जातो, बीड-तुळजापूरकडून येणारा 52 इथूनच विजयपूरकडे वळतो आणि सांगली-कोल्हापूरकडचा 166 इथे येऊन मिळतो. होटगीकडचं सिमेंट, जालन्याची सळई, कारखान्यांची साखर, अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले टॉवेल-चादरींचे कंटेनर, सगळं ट्रेलरवर. मी अकरा वर्षं ट्रेलर चालवला, आता यार्डात डिस्पॅचला, म्हणजे गाड्या रवाना करायला, बसतो. टेबलासमोर उभं राहून ड्रायव्हर जे विचारतात ते इथे आहे, आणि जे विचारायला लाजतात तेही.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधी सांगतो. हॉर्स म्हणजे पुढची ओढणारी गाडी. चकती म्हणजे हॉर्सच्या पाठीवरचं, ग्रीस लावलेलं फिफ्थ व्हील. किंगपिन म्हणजे ट्रेलरच्या पोटाखालची जाड खुंटी, आणि जबडा म्हणजे चकतीच्या आत त्या खुंटीला धरणारं कुलूप. स्टँड म्हणजे ट्रेलरचे पुढचे दोन पाय.

"खट्" आवाज आला म्हणजे ट्रेलर बसला ना?

नाही. आवाज अर्धवट जोडणीतही येतो. जबडा किंगपिनच्या बारीक मानेभोवती मिटायला हवा. ट्रेलर जरा उंच उभा असेल तर खुंटीचं खालचं टोक जबड्याच्या वरच येऊन टेकतं. वरून सगळं बसल्यासारखं दिसतं, गाडी हलते, गेटबाहेरही पडते. मग एखाद्या गतिरोधकावर किंवा उड्डाणपुलाच्या जॉइंटवर ट्रेलर उसळतो आणि हॉर्स एकटाच पुढे जातो.

म्हणून दोन गोष्टी, आणि दोन्ही लागतातच. पहिली, ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून पहिल्या गिअरमध्ये हळूच पुढे ओढून बघणं. एकदा ओढा, थांबा, पुन्हा ओढा. दुसरी, हॉर्सचा हँडब्रेक लावून खाली उतरणं आणि टॉर्च घेऊन ट्रेलरखाली वाकणं. चकती आणि ट्रेलरची प्लेट यांच्यात फट दिसता कामा नये. मागच्या बाजूने बघितलं की जबडा खुंटीभोवती मिटलेला दिसला पाहिजे. जबडा उघडायचा लिव्हर पूर्ण आत गेलेला आणि त्याची सेफ्टी क्लिप पडलेली पाहिजे. नुसतं ओढून बघितलेलं पुरत नाही, कारण वर टेकलेली खुंटीसुद्धा घर्षणाने एखादा हिसका सहन करते.

ज्याच्या हाताला ग्रीस लागलेलं नाही त्याने खाली पाहिलेलं नाही, असं मी धरतो. गेटपास त्याला नंतर.

मागे घेताना उंची कशी ओळखायची?

ट्रेलरच्या खालची प्लेट चकतीच्या मध्यापेक्षा किंचित खाली असावी, म्हणजे हॉर्स मागे सरकताना चकतीच्या उतारावरून ट्रेलर थोडा वर उचलला जातो. उचलला गेला की जोडणी घट्ट बसते. फार खाली असेल तर हॉर्सची चासी ट्रेलरच्या नाकावर आदळते, फार वर असेल तर वर सांगितलेला प्रकार होतो.

रिव्हर्समध्ये सरळ रेषेत या. ट्रेलरच्या हातभर अलीकडे थांबा, उतरा, उंची बघा, जबडा उघडा आहे का बघा, मगच उरलेलं अंतर. हे उतरणं नव्या पोरांना कमीपणाचं वाटतं. आरशात चकती दिसत नाही, आणि क्लीनर "या, या" म्हणतोय म्हणजे त्याला उंची कळते असं नाही.

आपल्याकडे उंचीचा एक खास त्रास आहे. काळी माती. पावसाळ्यात कच्च्या यार्डात भरलेला ट्रेलर रात्री उभा केला की सकाळपर्यंत स्टँड चार बोटं आत गेलेला असतो, आणि तोही एका बाजूने जास्त. मे महिन्यात, पारा 43-44 वर असताना, डांबरावरही तेच होतं. स्टँडखाली जाड लाकडी फळी किंवा लोखंडी प्लेट टाका. फळीला पैसे पडत नाहीत, वाकलेल्या स्टँडला पडतात.

कोणताही ट्रेलर कोणत्याही हॉर्सला लागतो का?

किंगपिन दोन मापांची येते, 2 इंची आणि साडेतीन इंची. रोजच्या ट्रेलरला बहुतेक 2 इंची असते, जड यंत्रं नेणाऱ्या लो-बेडला अनेकदा साडेतीन. मोठ्या जबड्यात लहान खुंटी शिरते, पण धरली जात नाही. भाड्याने आलेला अनोळखी ट्रेलर असेल तर आधी माप विचारा. खुंटी झिजून मान बारीक झाली असेल तर गेजने तपासून घ्या, डोळ्याला ती झीज कळत नाही.

लाल पाइप आणि पिवळा पाइप उलटे लागले तर?

लाल पाइप ट्रेलरची हवेची टाकी भरतो, पिवळा पाइप पायाखालच्या ब्रेकचा हुकूम मागे पोचवतो. उलटे लागले तर टाकी भरतच नाही. ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हवा गेली की स्प्रिंगने आपोआप लागणारे ब्रेक, असतील तर ते सुटणार नाहीत आणि गाडी जागची हलणार नाही. हे बरं, निदान कळतं तरी. जुन्या, स्प्रिंग ब्रेक नसलेल्या ट्रेलरला मात्र गाडी आरामात निघते आणि मागे ब्रेक नावालाही नसतो. कपलिंग उलटं बसू नये अशीच त्याची रचना असते, पण झिजलेल्या, ठोकून बसवलेल्या कपलिंगवर विसंबू नका. पाइपवरचा रंग उडाला असेल तर टेप गुंडाळा.

जोडण्याआधी तोंडातली माती पुसा, रबरी वॉशर चिरलेला नाही ना बघा. मग सात पिनांचा लाइटचा प्लग, आणि एबीएसची केबल असेल तर तीही. पाइप ना जमिनीला घासावेत ना वळणावर ताणले जावेत.

पाइप जोडताना गाडी आपोआप सरकते असं म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि माणसं यातच जातात.

ट्रेलर लाल पाइप काढून उभा केला की त्याचा इमर्जन्सी ब्रेक लागतो. आता तुम्ही हॉर्सची हवा लाल पाइपने पुन्हा दिली की तो ब्रेक सुटतो. ट्रेलरचा पार्किंग ब्रेक वेगळा ओढलेला नसेल आणि हॉर्सचा हँडब्रेकही विसरला असेल, तर अख्खा जोड उताराकडे निघतो. त्या वेळी तुम्ही केबिन आणि ट्रेलर यांच्या मधल्या अरुंद जागेत उभे असता. काहीजण तिथून धावत येऊन केबिनमध्ये चढायला बघतात, काहीजण हाताने गाडी अडवायला जातात.

तेव्हा क्रम असा: हॉर्सचा हँडब्रेक, इंजिन बंद, किल्ली खिशात. ट्रेलरचा पार्किंग ब्रेक ओढलेला आहे हे डोळ्यांनी बघा. चाकांना ठोकळे. मगच पाइपला हात. गाडी सरकू लागलीच तर बाजूला व्हा. गाडीचा विमा असतो.

जुन्या ट्रेलरबाबत आणखी एक. स्प्रिंग ब्रेक नसेल तर उभ्या ट्रेलरचा ब्रेक टाकीतल्या हवेवरच टिकलेला असतो, आणि ती हवा हळूहळू उतरते. संध्याकाळी घट्ट असलेला ब्रेक पहाटे ढिला असतो. ठोकळा लावायला कंटाळणाऱ्याला मी हेच सांगतो. ठोकळा म्हणजे रस्त्याकडेचा मुरमाचा दगड नव्हे, तो चाकाखाली भुगा होतो.

स्टँड किती उचलायचा?

पूर्ण. "रिकामीच तर आहे, थोडा उचलला तरी चालतं" म्हणून निघालेल्या गाड्या रेल्वे फाटकावर अडकतात. हँडल दुमडून अडकवा, लोंबकळतं हँडल बाजूच्या मोटारसायकलवाल्याला लागतं.

निघण्याआधी ब्रेक कसा तपासायचा?

हवा पूर्ण भरू द्या, इशाऱ्याचा बझर आणि दिवा बंद झाल्याशिवाय हलू नका. मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा आणि हवेच्या प्रेशरचा काटा बघा. सुरुवातीला थोडा उतरून थांबला तर ठीक, उतरतच राहिला तर गळती आहे. यार्ड शांत असेल तर फुसफुस कानालाही ऐकू येते. यार्डातच चालण्याच्या वेगाने गाडी पुढे घेऊन फक्त ट्रेलरचा हाताचा ब्रेक लावून बघा. मागून ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. मग पायाचा.

दिवे दोघांनी बघायचे, एक आत, एक मागे. एकटे असाल तर रात्री भिंतीवरचा उजेड बघून कळतं.

टायरला हातोडी मारून खरंच काही कळतं का?

जोडटायरमधला एक पूर्ण बसलेला असेल तर कळतं. हवा दहा-पंधरा टक्के कमी असेल तर नाही कळत, त्याला गेजच लागतो आणि टायर थंड असताना. चालून तापलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसतं, म्हणून हवा सोडू नका, थंड झाल्यावर ती कमी पडते. जोडटायरमध्ये अडकलेला दगड काढा, तो सुटून मागच्या गाडीच्या काचेवर जातो. चाक बदललं असेल तर 50 ते 100 किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळा.

माल भरताना मी उभा राहणं गरजेचं आहे का? ते काम तर हमालांचं आणि मुकादमाचं.

भरणं त्यांचं, वाहून नेणं तुमचं. उभे राहा.

माल सगळा मागे रेटला की हॉर्सच्या मागच्या चाकांवर वजन कमी पडतं आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते. सगळा पुढे रेटला की हॉर्सचा ॲक्सल ओव्हरलोड, एकूण वजन मर्यादेत असूनही. केंद्र सरकारने जुलै 2018 मध्ये मर्यादा वाढवल्या. चार टायरच्या सिंगल ॲक्सलला 10.2 वरून 11.5 टन, टँडमला (दोन ॲक्सलची जोडी) 19 वरून 21, ट्राय-ॲक्सलला (तीन एकत्र) 24 वरून 27 टन. तीन ॲक्सलचा हॉर्स आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर असेल तर पुढचे 7, मधले 21, मागचे 27 मिळून 55 टन होतात. पण तुमच्या गाडीची मर्यादा तुमच्या आरसीवर छापलेलीच धरायची, शेजारच्याची नाही. जास्त भरलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. भरलेल्या गाडीचं वजनकाट्यावर वजन केल्याशिवाय यार्ड सोडू नका.

सळई असेल तर मागे एक फूटही बाहेर नको. पूर्वी लाल फडकं बांधून चालायचं, आता बाहेर निघालेल्या मालालाही 20,000 चा दंड आहे. पुढच्या बाजूला, केबिनच्या पाठीशी, सळई अडवणारी मजबूत फळी हवी. अचानक ब्रेक मारला की गाडी थांबते, सळई थांबत नाही. साखळ्या 10-15 किलोमीटरवर पुन्हा ताणा, माल बसला की त्या ढिल्या पडतातच. मोहोळच्या आत एकदा थांबलात की पुढे टेंभुर्णीपर्यंत निवांत.

कंटेनर असेल तर त्याला ट्रेलरशी धरणारे चारही कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक फिरवलेले बघा. तीन लावले, चौथा गंजलाय म्हणून सोडला, हे मी दर आठवड्याला बघतो. सील नंबर कागदाशी जुळवा आणि फोटो काढून ठेवा. निर्यातीच्या कंटेनरला भरलेलं प्रमाणित वजन लागतं, हा नियम 1 जुलै 2016 पासून जगभर आहे. तो आकडा कागदावर नसेल तर बंदरात गाडी अडकते आणि उन्हात तुम्ही बसता, टॉवेलवाला नाही.

कोणकोणते कागद जवळ हवेत?

हॉर्स आणि ट्रेलर यांची नोंदणी वेगळी असेल तर आरसी, विमा आणि फिटनेस दोघांचे वेगवेगळे. हॉर्सचे कागद चोख आणि ट्रेलरचा फिटनेस संपलेला, हे ट्रेलर अदलाबदलीत हमखास होतं. पीयूसी फक्त हॉर्सची, ट्रेलरला इंजिन नाही. परमिट, लायसन्स, इनव्हॉइस, बिल्टी, ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद). डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधले कागद चालतात, पण फोनची बॅटरी संपली की काहीच चालत नाही. ट्रेलरची स्वतःची नंबरप्लेट चिखलाने झाकलेली नको.

ई-वे बिलाची मुदत कशी मोजायची?

दर 200 किलोमीटरला एक दिवस. हैदराबाद सोलापूरहून तीनशेच्या आसपास, म्हणजे दोन दिवस. दिवस मोजला जातो दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. सोमवारी दुपारी काढलेलं दोन दिवसांचं बिल बुधवारी रात्री बारापर्यंत चालतं. संपायच्या आधी आठ तास आणि संपल्यावर आठ तास एवढ्यातच मुदत वाढवता येते. राज्याबाहेर 50,000 च्या वरच्या मालाला बिल लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे.

वाटेत हॉर्स बिघडला आणि दुसरा लावला तर माल तोच, ट्रेलर तोच, तरी ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये नवा गाडी नंबर टाकल्याशिवाय हलायचं नाही. फोन करा, आम्ही पाच मिनिटांत बदलतो. न सांगता निघालात तर मी काही करू शकत नाही.

डिस्पॅचवाला घाई करतोय. काय करू?

हा प्रश्न मलाच विचारतात, म्हणजे गंमतच. पण खरं सांगायचं तर बहुतेक चुका ड्रायव्हरच्या आळसाने होत नाहीत, आमच्या घाईने होतात. पार्टीचा फोन येतो, मालकाचा फोन येतो, मी खिडकीतून ओरडतो, "अण्णा, निघा की ओ!" आणि अण्णा लिव्हर न बघता निघतात.

मी स्वतः ड्रायव्हर असताना एका यार्डात असंच झालं. पहाटेची वेळ, सिमेंटचा भरलेला ट्रेलर सोडून दुसरा उचलायचा होता. लिव्हर ओढून झाला होता, तेवढ्यात कोणीतरी "चहा आलाय" म्हणालं. चहा घेऊन आलो आणि थेट गाडीत बसलो. स्टँड उतरवायचा राहिला होता. हॉर्स पुढे गेला आणि ट्रेलर नाकावर बसला, पाइप तुटून सापासारखे हवेत फडफडले. मागे-पुढे कोणी नव्हतं म्हणून हे आज लिहितोय. क्रेन यायला दुपार झाली आणि पगारातून तीन महिने कापले गेले.

तेव्हापासून एक नियम पाळतो, आणि आमच्याकडे तो सगळ्यांना आहे. जोडताना किंवा सोडताना मध्ये काहीही आलं, फोन, चहा, ओळखीचा माणूस, तर पुढून सुरू करायचं नाही, पहिल्यापासून सुरू करायचं. आणि गाडी कधी निघणार हे ड्रायव्हर सांगेल. मी फक्त विचारू शकतो. हे ज्या यार्डात चालत नाही तिथे "अजून बघतोय" एवढंच म्हणा आणि बघत राहा. वाद घालू नका, वादातही तेवढाच वेळ जातो.

ट्रेलर सोडताना काय क्रम?

सपाट, टणक जागा. हॉर्सचा आणि ट्रेलरचा ब्रेक. ठोकळे. स्टँड जमिनीला घट्ट टेकेपर्यंत खाली, फळीवर. पाइप आणि केबल काढून त्यांच्या जागी अडकवा. लिव्हर ओढा. मग हळूच पुढे जा, पण चासी अजून ट्रेलरखाली असतानाच थांबा आणि स्टँड वजन घेतोय का बघा. घेत असेल तर पूर्ण बाहेर. घेत नसेल तर ट्रेलर जमिनीवर न पडता तुमच्या चासीवर टेकतो. त्या एका थांब्याने माझे तीन महिने वाचले असते.

वारीच्या आणि जत्रेच्या दिवसांत गाडी कशी काढायची?

आषाढीच्या आधी संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंडवरून जाते तेव्हा पुणे रस्त्यावर आणि पुढे पंढरपूरच्या सगळ्या वाटांवर जड वाहनं वळवतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला शहरातले रस्ते बंद असतात, आणि त्याच सुमारास बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते. शहरात जड वाहनांच्या वेळाही बदलत राहतात. निघण्याआधी पोलिसांचा त्या दिवसाचा आदेश बघा आणि ई-वे बिलाच्या मुदतीत हा वळसा धरा.

उसाच्या ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या असतात, त्यांना यातलं काही लागू होतं का?

चकती नाही, पण तत्त्व तेच. दांडीच्या खिळ्याला खाली क्लिप हवी, तारेचा तुकडा चालत नाही. शेजारून सेफ्टी साखळी बांधा. मागच्या ट्रॉलीला दिवा नसेल तर निदान लाल रिफ्लेक्टर टेप लावा, उसाचे शेंडे तो झाकतात म्हणून खाली चासीवर. ट्रेलरवाल्यांनो, गाळप हंगामात रात्री समोर काळा ठिपका दिसला तर ती उसाची ट्रॉलीच समजा.

सलग किती तास चालवायचं?

1961 च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, आणि सलग 5 तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती असं होतं; नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मी एवढं करतो, रात्रभर गाडी घेऊन आलेल्याला सकाळी ट्रेलर बदलून परत पाठवत नाही. झोप आलेला माणूस लिव्हरकडे बघतो, पण त्याला तो दिसत नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. सोलापूरचा उन्हाळा बघता हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

वाटेत बिघाड झाला तर?

गाडी जमेल तेवढी डावीकडे, इंडिकेटर चालू, रिफ्लेक्टरचा त्रिकोण बराच मागे, ठोकळे चाकाला. दगडांची रांग लावू नका, गाडी गेल्यावर ते दगड तिथेच राहतात आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर जातो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला 1033, कोणी जखमी असेल तर 108, पोलिसांसाठी 112. मग आम्हाला.

ट्रेलरमध्ये खोट दिसली, पण ट्रिप तर झाली. सांगायचं कोणाला?

गेटवर वही आहे, त्यात ट्रेलरचा नंबर टाकून लिहा. "ब्रेक बरोबर नाही" असं लिहू नका, त्यावरून मेकॅनिकला काही कळत नाही. "डावीकडे मधल्या ॲक्सलला हवा फुसफुसते" असं लिहा. लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी लिहितो. आणि ती खोट दुरुस्त होईपर्यंत ट्रेलरच्या किंगपिनला लाल फडकं बांधा, म्हणजे पहाटे अंधारात दुसरा कोणी तो उचलायला आला तर खाली वाकल्यावर त्याला दिसेल.